फोटोग्राफरने पान वाचायला शिकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेली काही वर्षं तुम्ही वारी टिपताय. सुटा फोटो दाखवला की लोक दाद देतात, पण तीस-चाळीस फोटो एकत्र ठेवले की पाहणारा भराभर पुढे सरकतो आणि त्याच्या मनात फारसं काही राहत नाही. कुणीतरी सुचवलं की ग्राफिक डिझाइन पाहायला शिका. आता तुम्हाला विचारायचंय की पोस्टरं, मुखपृष्ठं, अक्षरं यांचा कॅमेऱ्याशी संबंध काय आणि सुरुवात कुठून करायची.

मी फोटोही काढतो आणि इतरांचे फोटो निवडून पानांवर लावायचं कामही बरीच वर्षं करत आलोय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. आपण फोटोग्राफर चौकटीच्या आतलं बघतो. प्रकाश, क्षण, चेहरा, पार्श्वभूमी. डिझायनर त्या चौकटीभोवतीचं बघतो. शेजारी कोणता फोटो आहे, वर मथळा केवढा आहे, किती जागा मोकळी सोडलीय, पान उलटल्यावर काय समोर येणार आहे. पाहणाऱ्याच्या हातात फोटो पडतो तो या सगळ्यासकट. तुमचे फोटो सुटे असताना बोलतात आणि एकत्र आले की गप्प होतात, कारण त्यांच्या भोवतालाचा विचार अजून कुणी केलेलाच नाही.

एका पोस्टरपासून सुरू करा. योझेफ म्युलर-ब्रोकमान या स्विस डिझायनरने १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबसाठी रस्ता सुरक्षेचं एक पोस्टर केलं. शोधलंत तर लगेच सापडेल. त्यात एक मोटारसायकल आहे, इतकी मोठी की कागदात मावत नाही, कडेला कापली गेलीय, आणि कललेली आहे. तिच्यापुढे धावणारं एक लहान मूल. जर्मन भाषेत तीन शब्द, अर्थ असा की मुलाला जपा. अपघात दाखवलेला नाही, जखम दाखवलेली नाही. तरी पोटात गोळा येतो. तो कशाने येतो? चाक आणि मूल यांच्या आकारांतल्या फरकाने, आणि त्या तिरकेपणाने.

आता मनातल्या मनात एकेक गोष्ट बदला. मोटारसायकल निम्म्या आकाराची करा. कागदाच्या कडेने ती कापली गेलीय, तिथे ती पूर्ण दाखवा. तिरकी आहे ती सरळ करा. मुलाला तिच्याकडे तोंड करून उभं करा. प्रत्येक बदलानंतर भीती किती उरते ते बघा. मला डिझाइनची समज आली असेल तर ती याच सवयीतून. ‘छान आहे’ म्हणून पुढे न जाता तिथला एकेक निर्णय काढून, हलवून बघायचा. पुढे हीच सवय कॅमेरा हातात असताना उपयोगी पडते. वारीत तुम्ही टाळकऱ्याच्या हाताजवळ जाऊन, मागची दिंडी लहान ठेवून फोटो काढता तेव्हा तुम्हीही आकारांच्या फरकानेच बोलत असता. फक्त ते जाणीवपूर्वक होत नसतं.

पोस्टर परदेशीच हवं असं काही नाही. तुमच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. त्याला कुणी सुंदर म्हणणार नाही, पण गावातला प्रत्येक माणूस तो अचूक वाचतो. कोणाचा चेहरा सर्वांत मोठा, वरच्या रांगेत कोण, कोण खाली शुभेच्छुकांच्या गर्दीत गेला, मागच्या वर्षी उजवीकडे असलेला यंदा कुठे आहे. हे सगळं एकही वाक्य न वाचता कळतं. आकार, जागा आणि क्रम यांची भाषा लोकांना येते. तुम्ही चाळीस फोटो एकाच मापात, एकामागे एक लावता तेव्हा त्या भाषेचा वापरच होत नाही. सगळे सारख्याच आवाजात बोलतात, मग ऐकणारा कोणाचंच ऐकत नाही.

या भाषेचा एक मोठा उस्ताद म्हणजे अलेक्सी ब्रोडोविच. मूळचे रशियातले, पॅरिसमार्गे अमेरिकेत आले आणि १९३४ ते १९५८ या काळात ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाचे कलादिग्दर्शक होते. समोरासमोरची दोन पानं ते एकच चित्र समजून रचत. फोटो बेधडक कापत, पानाचा मोठा भाग पांढरा सोडत, मजकुराचा स्तंभ फोटोतल्या आकृतीच्या बाकाला जुळवून घेत. रिचर्ड ॲव्हेडॉन, गॅरी विनोग्रँड असे कितीतरी फोटोग्राफर त्यांच्या वर्गात बसून गेले. डिझायनरकडे फोटोग्राफर शिकायला जात होते, हे ध्यानात घ्या.

ब्रोडोविच यांनी स्वतःही बॅलेचे फोटो काढले आणि १९४५ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. फ्लॅश नाही, मंद उजेड, हललेल्या आकृत्या, फिल्मचा जाड, खरखरीत दिसणारा दाणा. त्या काळच्या नियमांनी बघितलं तर यातले कित्येक फोटो बाद होते. पण त्यांनी ते समास न सोडता पानाच्या कडेपर्यंत पसरवले आणि दोन फोटो मध्यभागी असे भिडवले की त्यांचा मिळून एकच रंगमंच झाला. पानं उलटताना नाच पुढे सरकत राहतो. वारीतल्या रिंगणाचे, अश्व धावतानाचे तुमचे हललेले फोटो तुम्ही बाजूला टाकले असतील. ते परत काढून ठेवा. एकेकटे ते कमजोर असतील, पण तीन-चार एकमेकांना भिडले की काय होतं ते बघायला हवं.

आता ज्यावर मला जास्त बोलायचंय ते. रॉबर्ट फ्रँक हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला फोटोग्राफर १९५५ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून अमेरिका फिरला. सुमारे सत्तावीस हजार फोटो काढले, पुस्तकात घेतले ८३. ‘द अमेरिकन्स’ हे ते पुस्तक. ते आधी १९५८ मध्ये पॅरिसमध्ये रोबेर देल्पीर यांनी काढलं. त्या आवृत्तीत डाव्या पानांवर अमेरिकेविषयी नामांकित लेखकांचे उतारे होते आणि मुखपृष्ठावर सॉल स्टाइनबर्गचं रेखाचित्र. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ग्रोव्ह प्रेसची आवृत्ती निघाली, तीत हे उतारे गेले. सुरुवातीला लेखक जॅक केरुआकची प्रस्तावना, त्यानंतर उजवीकडे एक फोटो आणि डावीकडे जवळजवळ कोरं पान. फोटो तेच. पण पहिल्या आवृत्तीत ते अमेरिकेवरच्या एका अहवालातली चित्रं वाटतात आणि दुसरीत ते एकमेकांशी बोलू लागतात. ही रीत फ्रँकला परकी नव्हती. वॉकर एव्हान्स या त्याच्या ज्येष्ठ स्नेह्याने १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी केलेल्या पुस्तकातही फोटो असेच उजव्या पानावर एकेकटे ठेवले होते.

ते एकमेकांशी कसे बोलतात, याचं एकच उदाहरण देतो. एका पानावर लाँग बीचमधली एक मोटार आहे, ताडांच्या झाडांमध्ये उभी, वरून कापड घालून झाकलेली, उन्हात चमकणारी. पान उलटलं की ॲरिझोनातल्या ६६ क्रमांकाच्या महामार्गाच्या कडेला एक प्रेत, घोंगडीने झाकलेलं, शेजारी काही माणसं उभी. झाकलेली वस्तू, झाकलेला माणूस. हे दोन फोटो वेगळ्या राज्यांत, वेगळ्या दिवशी काढलेले आहेत. त्यांना जोडणारी एकच गोष्ट आहे, कापडाखालचा आकार. फ्रँकने एक अक्षर न लिहिता मोटारीची श्रीमंती आणि मोटारीने येणारं मरण समोरासमोर ठेवलं. आणि मधे पान उलटावं लागतं, म्हणून ते अंगावर येतं. दोन्ही फोटो समोरासमोरच्या पानांवर छापले असते तर ती केवळ तुलना झाली असती.

इथे तुमच्यासाठी एक इशारा आहे. वारीवरचं पुस्तक किंवा प्रदर्शन करताना प्रत्येक फोटोशेजारी अभंगाची ओळ घालायचा मोह आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांना होतो. ज्ञानोबा-तुकोबांची ओळ इतकी भरलेली असते की तिच्यापुढे फोटो लगेच दुय्यम होतो, त्या ओळीचं चित्रण होऊन बसतो. पाहणारा ओळ वाचतो, मान डोलावतो आणि फोटो न बघताच पुढे जातो. पॅरिसच्या आवृत्तीत फ्रँकच्या फोटोंचं जे झालं तेच हे. अभंग घ्यायचाच असेल तर एक घ्या, त्याला स्वतःचं पान द्या, आणि त्या पानावर फोटो ठेवू नका.

क्रम आणि आकार यांतून गोष्ट कशी उभी राहते, हे शिकायला ‘लाइफ’ साप्ताहिकातली एक चित्रकथा मी सगळ्यांना बघायला लावतो. २० सप्टेंबर १९४८ च्या अंकात डब्ल्यू. यूजीन स्मिथ या फोटोग्राफरने कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग या छोट्या गावातल्या डॉ. अर्नेस्ट सेरियानी यांच्यावर ती केली. आसपासच्या मोठ्या टापूला हा एकच डॉक्टर. सुरुवातीला मोठ्या आकारात तो एकटा, हातात बॅग, वाढलेल्या गवतातून चालत येतोय आणि डोक्यावर ढग दाटलेले आहेत. मग लहान लहान फोटोंच्या रांगा: तपासण्या, घरभेटी, रात्री-अपरात्रीची बोलावणी. या लहान फोटोंतला एकेक वेगळा काढला तर साधाच आहे. पण ते रांगेत येतात तेव्हा डॉक्टरचा दिवस भरत जातो, त्याची दमणूक पाहणाऱ्यापर्यंत पोचते. मग घोड्याची लाथ लागलेली एक चिमुरडी येते आणि तिथे मांडणी थांबते. फोटो मोठे होतात, डॉक्टरचा चिंतातूर चेहरा समोर येतो. शेवटी शस्त्रक्रिया आटोपल्यावर हातात कॉफीचा कप घेऊन ओट्याला टेकून उभा असलेला तो.

हा शेवटचा फोटो कितीतरी ठिकाणी एकटा छापून येतो आणि उत्तमच आहे. पण त्या अंकात तो पाहणाऱ्यासमोर येतो तोवर त्याने डॉक्टरबरोबर पूर्ण दिवस काढलेला असतो, म्हणून तिथे तो वेगळाच लागतो. आणि यासाठी ते साधे, लहान, कुणी दाद न देणारे फोटो लागतात. तुमच्या संग्रहात हेच नसावेत असा माझा अंदाज आहे. वारीत गेलेला फोटोग्राफर प्रत्येक फोटो पहिल्या पानाचा काढू बघतो. राहुटीचे खुंट ठोकणारे हात, टँकरपुढची रांग, पायाला तेल लावून बसलेली बाई, ट्रकवर चढवलेल्या पिशव्या, पहाटे अंधारात घड्या होणाऱ्या ताडपत्र्या. हे फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही, पण गोष्ट चालते ती यांच्यावर.

स्मिथचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण ते तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं. मांडणीवरून त्याचे ‘लाइफ’शी कायम खटके उडत. अल्बर्ट श्वाइत्झर यांच्या आफ्रिकेतल्या रुग्णालयावरची त्याची कथा १९५४ मध्ये त्याच्या मनाविरुद्ध रचून छापली गेली आणि त्याने नोकरी सोडली. पुढचं काम पिट्सबर्ग शहराचं. एका पुस्तकासाठी शंभरेक फोटो हवे होते, त्याने हजारो काढले आणि त्यांतून एक महाकाव्य रचायला बसला. अखेर एका छायाचित्र वार्षिकात त्याला ३६ पानं मिळाली, ती त्याने स्वतः रचली आणि त्याला स्वतःलाच ती फसलेली वाटली. एवढ्या ताकदीच्या माणसालाही आपल्या फोटोंतून निवड करताना दुसऱ्या कुणाची नजर लागते, असं माझं ठाम मत आहे. आणि मांडणी पूर्णपणे दुसऱ्यावर सोडली की काय होतं, हे श्वाइत्झरच्या कथेने दाखवलंच आहे. म्हणूनच तुम्हाला पानाची भाषा यायला हवी. डिझायनरशी वाद घालायचा तर त्याच्या भाषेत घालता आला पाहिजे.

आपल्याकडे ही कामं मुळात इतकी वेगळी नव्हती. दादासाहेब फाळके जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात उतरले, आणि त्यानंतर १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. कागदावर चित्र कसं उमटतं हे ज्याच्या हातांना माहीत होतं, त्याने पडद्यावर गोष्ट सांगितली.

मराठीत काम करणार असाल तर आपल्या लिपीकडेही बघा. देवनागरीला शिरोरेषा आहे, त्यामुळे मोठ्या अक्षरातला मथळा म्हणजे फोटोवर मारलेली एक ठळक आडवी रेघ असते. ती क्षितिजाच्या जवळ आली की दोन्ही रेघा भांडतात. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींच्या शीर्षकाला रोमनपेक्षा जास्त उंची लागते. मुखपृष्ठासाठी फोटो काढताना वरचा तिसरा भाग शांत ठेवा, तिथे झेंडे, पताका, झाडांच्या फांद्या येऊ देऊ नका. आपण चौकट भरायला शिकलेलो असतो, त्यामुळे सुरुवातीला हे जिवावर येतं. मग एकाच जागेवरून दोन फोटो काढा, एक स्वतःसाठी घट्ट, एक पानासाठी सैल.

अक्षरांकडे बघायची सवय लावायची तर जुन्या वर्तमानपत्रांतल्या मराठी नाटकांच्या जाहिराती चाळा. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं बघितली की फोटोशिवाय, नुसत्या अक्षरांच्या वळणातून नाटकाची जात कळते. र. कृ. जोशी यांचं सुलेखन बघा. जाहिरात क्षेत्रातून ते आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात शिकवायला गेले, आणि संगणकावरचा ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं मिळाली तर अंकाचं नाव चित्रात कुठे आणि कसं बसवलंय एवढंच बघत बसा. चित्राची तारीफ नंतर करा.

आता तुमच्या वारीकडे. स्क्रीनवर निवड करू नका. तिथे फोटो एका वेळी एक दिसतो, आणि तुमची अडचण तर फोटो एकत्र आल्यावर सुरू होते. दीडशे-दोनशे फोटोंचे चार बाय सहा इंचांचे स्वस्त प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. उभं राहून, डोळे किलकिले करून बघा. तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधार, गर्दी-मोकळीक, उभे-आडवे आकार तेवढे दिसतात. जोड्या जुळवा, पण विषयावरून जुळवू नका. टाळांची जोडी टाळांशी लावली की पुनरुक्ती होते. तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाईचा वर उचललेला हात आणि रिंगणातल्या पताकेचा कल जुळतो का, ते बघा. नीरेच्या पात्रातल्या स्नानाचं चमकणारं पाणी कशाशेजारी शांत वाटतं, ते बघा.

क्रम तारखांनीच असला पाहिजे असं नाही. आळंदीतून निघून पंढरपूरला पोचायचं ही गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, त्यामुळे फक्त तिच्या जोरावर कुणी पान उलटणार नाही. तुमच्या फोटोंत दुसरं एखादं सूत्र दडलेलं असेल: पाय, ओझं, झोप, पाऊस, किंवा बायकांनी आपसांत वाटून घेतलेली कामं. जमिनीवर पसरल्यावर ते आपोआप वर येतं, कारण ज्याने तुम्हाला खेचलं त्याचे फोटो तुम्ही नकळत जास्त काढलेले असतात.

मग ए-फोर कागद दुमडून, शिवून एक डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा. ३२ पानांची करा, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म, छपाईलाही सोयीचं. छोटे प्रिंट त्यात चिकटवा. काही पानं कोरी सोडा. दोन पानांवर पसरणारा फोटो घेतलात तर मधल्या दुमडीत कोणाचा चेहरा जात नाही ना ते तपासा, बांधणीत तिथला बराच भाग गिळला जातो. वर्तमानपत्राच्या कागदावर छापायचं असेल तर सावल्या थोड्या उघडून, म्हणजे गडद भाग जरा उजळ करून द्या. तो कागद शाई शोषतो, छपाईचा ठिपका पसरतो आणि काळ्या घोंगडीच्या घड्या भरून जातात. डमी झाली की फोटोग्राफर नसलेल्या कुणाच्या तरी हातात द्या, शक्यतो वारी केलेल्या माणसाच्या, आणि काही बोलू नका. त्याच्या बोटांकडे बघा. कुठे पान पटकन उलटतंय, कुठे मागे जाऊन पुन्हा बघतोय, ते पेन्सिलीने टिपा. ‘कसं वाटलं’ असं विचारलंत तर सगळे छानच म्हणतील.

शेवटचं दिवे घाटाबद्दल. घाटाच्या वळणांवरून चढणारा वारकऱ्यांचा लोंढा, वरून घेतलेला, हा तुमच्याकडचा सर्वांत मोठा फोटो असणार आणि तुम्ही तो पहिल्या पानावर लावलेला असणार. हा फोटो आता प्रत्येकाने पाहिलेला आहे. सुरुवातीला आला की पाहणारा ‘हां, वारी’ म्हणतो आणि त्याचे डोळे तिथेच विसावतात. तो पहिल्या अर्ध्या भागात येऊच देऊ नका. आधी दहा-बारा माणसं जवळून दाखवा, त्यांचे पाय, त्यांची ओझी, त्यांचं बसणं-उठणं. त्यानंतर घाट दाखवलात तर पाहणारा त्या लोंढ्यात त्या दहा-बारा जणांना शोधू लागेल. डमीत तो आधी मोठा लावून बघा, मग तळहाताएवढा लावून बघा. मी लहानच ठेवला असता.